सोयाबीनला वेळ कोण सांगतं? चिंचेच्या पानापासून काजव्याच्या जनुकापर्यंत



मागच्या खरिपात गोठ्यावर एलईडीचा मोठा फोकस बसवला. बिबट्याची धास्ती, दुसरं काही नाही. दिवा रात्रभर चालू राहायचा आणि त्याचा उजेड बांधाकडच्या सोयाबीनच्या आठ-दहा ओळींवर पडायचा. सप्टेंबर संपता संपता सगळं रान पिवळं पडून पानं गाळायला लागलं, पण दिव्यासमोरचा तेवढा पट्टा हिरवागार. आधी वाटलं उकिरड्याचा पाझर असेल. मग वाटलं बी मिसळ आलं. पण बी एकाच पिशवीतलं, पेरणी एकाच दिवसाची, खत तेच. सोंगणीला तो पट्टा सोडून द्यावा लागला, आणि नंतर काढला तेव्हा शेंगा निम्म्या पोचट.

दिव्यामुळे झालं हे पुढे कळलं. पण दिव्यामुळे म्हणजे नेमकं काय, हे कळायला बरंच वाचावं लागलं. वाचता वाचता मागे इतका गेलो की थेट सिकंदरापर्यंत पोचलो. ती गोष्ट आज सांगतो. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात आपल्या ओळखीच्या झाडापासून आहे, चिंचेपासून. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सिकंदराच्या आरमारात आंद्रोस्थेनिस नावाचा अधिकारी होता. इराणच्या आखातातल्या टायलॉस बेटावर, म्हणजे आजच्या बहारीनला, त्याने एक झाड पाहिलं. त्याची पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. तिथले लोक म्हणायचे झाड झोपतं. हे वर्णन पुढे थिओफ्रास्टसच्या वनस्पतीविषयीच्या ग्रंथात आलं आणि ते झाड चिंचेचं असावं असं अभ्यासक मानतात. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला यात नवल नाही. बॅटरी मारली की चिंच, शेवरी, टाकळा, सगळी पानं मिटून उभी असतात. पुढची दोन हजार वर्षं लोकांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. सूर्य गेला, पानं मिटली, यात विचारायचं काय?

विचारलं एका खगोलशास्त्रज्ञाने. १७२९ साली फ्रान्समध्ये ज्याँ-जाक द मेराँ याने लाजाळूसारखं एक झाड अंधाऱ्या जागी ठेवलं. ऊन नाही, उजेड नाही, तरी पानं दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. मेराँला याचं फार अप्रूप नव्हतं. त्याच्या मार्शां नावाच्या मित्राने ही हकिकत पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवली. त्या टिपणात एक छान गोष्ट आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसालाही बाहेर दिवस आहे की रात्र हे जाणवतं, त्याच्याशी हे जुळतं असं त्यात म्हटलंय.

शंका घेणारे होतेच, आणि घ्यायलाच हवी होती. खोलीत कुठून तरी फट असेल, किंवा दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा झाडाला कळत असेल. दुहामेल दु मोन्सो नावाच्या फ्रेंच कृषी अभ्यासकाने झाड दारूच्या तळघरात नेलं. मग कातडी पेटीत घालून वरून लोकरीची घोंगडी टाकली. तरी पानं आपल्या वेळेवर. १८३२ साली ऑगस्टिन द कांदोल याने उलट बाजू धरली. लाजाळू सतत दिव्यांच्या उजेडात ठेवली. तेव्हा दिसलं की पानं रोज आदल्या दिवसापेक्षा दीड-दोन तास लवकर उघडतात. म्हणजे झाडाचा स्वतःचा दिवस २४ तासांचा नव्हता, २२-२३ तासांचा होता. पुरावा इथे पक्का होतो. बाहेरून कुणी चोरून वेळ सांगत असतं तर तो बरोबर २४ तासांचा असता. घड्याळ रोज पुढं पळत असेल तर ते त्याचं स्वतःचं.

आपल्याकडच्या एका प्रयोगाची आठवण इथे काढली पाहिजे, कारण प्रत्येक हालचाल घड्याळाची नसते. बंगालमध्ये फरीदपूरला खजुरीचं एक झाड संध्याकाळी जमिनीला डोकं टेकवायचं आणि सकाळी उठायचं. लोक पाया पडायला यायचे. जगदीशचंद्र बोस यांनी त्यावर हालचाल टिपणारं यंत्र लावलं आणि दाखवलं की झाडाचं वाकणं तापमानाच्या चढ-उतारासोबत चालतं. नुसतं बघून घड्याळ आणि हवामान वेगळं करता येत नाही, मोजावं लागतं.

आता शेतकऱ्याची अडचण. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये तंबाखूचा एक भलताच वाण निघाला, मेरीलँड मॅमथ. दहा फुटांच्या वर वाढायचा, पानंच पानं. विक्रीला उत्तम, पण फूलच येत नव्हतं. बी धरायच्या आत थंडी पडून झाड मरायचं. मात्र काचघरात हिवाळ्यात तेच झाड लहान असतानाच फुलायचं. गार्नर आणि अलार्ड हे दोन सरकारी संशोधक याच्या मागे लागले. शेजारी सोयाबीनचंही एक कोडं होतं. बिलॉक्सी नावाचा उशिराचा वाण लवकर पेरा नाहीतर दोन महिने उशिरा पेरा, फुलं सप्टेंबरातच.

जुलै १९१८ मध्ये त्यांनी एक लहानशी अंधारी झोपडी बांधली. दुपारी चारला कुंड्या आत, सकाळी नऊला बाहेर. दिवस सात तासांचा केला म्हणा ना. झोपडीत जाणारी झाडं फुलली आणि उघड्यावरची नुसती वाढत राहिली. १९२० साली त्यांनी हे छापलं. दिवस किती तासांचा आहे ते झाड मोजतं, आणि तूर-सोयाबीनसारखी पिकं दिवस लहान झाल्यावर फुलतात, हे आपण आज सहज बोलतो. ते तिथून आलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्याला चिकटणाऱ्या गोखरूवर, म्हणजे झँथियमवर, दाखवलं की खरं माप रात्रीचं आहे. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला की फूल रद्द. शेवंतीवाले पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून फूल लांबवतात ते याच हिशोबावर. माझ्या गोठ्यावरच्या फोकसने तेच केलं, फक्त मला न विचारता.

पण मोजतं कशाने? वाळूच्या घड्याळासारखं अंधार पडला की मोजायला सुरुवात, असं काही आहे का? की तेच जुनं पानं मिटवणारं घड्याळ?

याचं उत्तर निघालं जर्मनीत, आणि त्यात पाणी घालायच्या वेळेचा मोठा वाटा आहे. हा भाग मला सगळ्यात आवडला. हॅम्बुर्गच्या रोझा श्टॉपेल घेवड्याच्या पानांवर काम करायच्या. अंधाऱ्या खोलीत, एकसारख्या तापमानात ठेवलेल्या रोपांची पानं रोज पहाटे तीन-चारच्या सुमारास सर्वांत खाली जायची. रोज त्याच वेळी, म्हणजे बरोबर २४ तास. त्यांचं म्हणणं पडलं की हवेतला कुठला तरी अज्ञात घटक झाडाला वेळ सांगत असावा, हवेतली वीज वगैरे. एर्विन ब्युनिंग आणि कुर्ट श्टेर्न हे दोन तरुण फ्रँकफुर्टला कामाला लागले. प्रयोगाची जागा होती श्टेर्न यांचं बटाटे साठवायचं तळघर. तिथेही पानांची हालचाल नेमाने होत होती, पण वेळ वेगळी! पानं खाली जायची ती पहाटे नाही, सकाळी दहा-बाराच्या सुमारास.

हवेतली वीज दोन शहरांत सात तास मागे-पुढे कशी असेल? शोधता शोधता सापडलं की श्टॉपेलबाई सकाळी पाणी घालायला जायच्या आणि हे दोघं दुपारी. दोन्हीकडे पाणी घालताना मंद लाल दिवा वापरायचे, कारण लाल उजेडाचा पानांच्या हालचालीवर परिणाम होत नाही अशी त्या काळची पक्की समजूत. प्रत्यक्षात झाड त्याच मिनिटभराच्या लाल उजेडावर आपलं घड्याळ लावून घेत होतं. लाल दिवा बंद केल्यावर घेवड्याचं घड्याळ मोकळं सुटलं आणि २५.४ तासांवर चालू लागलं. हवेतला अज्ञात घटक म्हणजे पाणी घालायला आलेला माणूस निघाला.

ब्युनिंग तिथे थांबले नाहीत. वेगवेगळ्या चालीची घड्याळं असलेल्या घेवड्यांचा संकर केला, तर पिल्लांची चाल मधली आली. म्हणजे घड्याळ वंशात उतरतं. आणि १९३६ साली त्यांनी मांडलं की झाड ऋतू ओळखतं तेही याच रोजच्या घड्याळाने. घड्याळाच्या ठरावीक प्रहरात उजेड सापडला तर झाड दिवस मोठा समजतं, अंधार सापडला तर लहान. बरीच वर्षं बऱ्याच जाणत्यांना हे पटलं नाही. सर्केडियन, म्हणजे सुमारे एका दिवसाचा, हा शब्दही १९५९ मध्ये आला.

घड्याळ वंशात उतरतं म्हणजे जनुकांत आहे. पण जनुकं घड्याळावर चालतात हे दिसलं १९८५ साली, वाटाण्यात. क्लोपश्टेक यांना दिसलं की हिरव्या पानात उजेड पकडणारी प्रथिनं बनवण्याचा निरोप पेशीत दिवसाच्या वेळेनुसार वाढतो आणि उतरतो. त्यातला एक निरोप तर दिवस उगवायच्या आधीच चढायला लागतो. आचाऱ्याने पंगत बसायच्या आधी चूल पेटवावी तसं. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गव्हातलं असं एक जनुक, कॅब नावाचं, तंबाखूत घातलं. तंबाखूच्या पानात गव्हाचं जनुक तालावर चालू-बंद होत राहिलं. गव्हापासून तंबाखूपर्यंत घड्याळाची भाषा एकच निघाली.

आता घड्याळाचे दाते शोधायचे होते. त्यासाठी हजारो रोपांच्या पानात रात्रंदिवस निरोप मोजत बसणं शक्य नव्हतं. अँड्र्यू मिलर, स्टीव्ह के आणि त्यांच्या सोबत्यांनी काजव्याची मदत घेतली. काजव्याचं उजेड पाडणारं जनुक कॅबच्या चालू-बंद करणाऱ्या कळीला जोडलं आणि अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात घातलं. कॅब चालू झालं की रोप मंद चमकणार, बंद झालं की विझणार. अंधारात संवेदनशील कॅमेरा लावून ठेवायचा. बियांत मुद्दाम बिघाड घडवून हजारो रोपं तपासली. त्यांत काही निघाली ज्यांची चमक २४ ऐवजी सुमारे २१ तासांनी परत यायची. १९९५ मध्ये हे छापून आलं आणि त्या जनुकाला नाव मिळालं टॉक-१.

पुढच्या पाच-सहा वर्षांत यंत्रणा बरीच उलगडली. आपल्या भाषेत सांगायचं तर पाण्याच्या पाळीसारखी आहे. पहाटे सीसीए-१ आणि एलएचवाय ही दोन जनुकं दारं धरतात आणि संध्याकाळच्या टॉक-१चं दार बंद ठेवतात. दिवसभरात त्यांचा जोर ओसरतो, तसं टॉक-१ वर येतं आणि येताना सकाळवाल्यांचं दार दाबतं. मध्ये पीआरआर नावाची भावंडं एकामागून एक दुपारच्या पाळ्या सांभाळतात, रात्री ईएलएफ-३ आणि त्याची जोडीदार. रात्र सरता सरता सकाळवाले परत मोकळे. पुस्तकांत काही वर्षं असं होतं की टॉक-१ सकाळच्या जनुकांना हात देऊन वर उचलतं. २०१२ च्या सुमाराला कळलं की उलट आहे, तेही दाबतंच.

या मूठभर दात्यांवर किती जनुकं चालतात? २००० साली स्टेसी हार्मर आणि सोबत्यांनी आठ हजारांवर जनुकं एकदम तपासली, तेव्हा सुमारे सहा टक्के घड्याळावर चालताना दिसली. पुढच्या मोजण्यांत आकडा एकतृतीयांशाच्या आसपास गेला. कामांची वाटणी बघा. उन्हाच्या माऱ्यापासून वाचवणारी रंगद्रव्यं बनवणारी जनुकं पहाटेआधी जागी होतात. साखर बनवणारी दिवसा. साठवलेलं पिष्ट फोडणारी रात्रीकडे. २०१० मध्ये दाखवलं गेलं की रोप रात्री पिष्ट इतक्या बेताने वापरतं की पहाटेपर्यंत जवळजवळ सगळं संपतं, पण आधी संपून उपाशी राहत नाही. संध्याकाळ अचानक लवकर केली तरी ते वापराचा वेग कमी करून पहाटेपर्यंत पुरवतं. आमच्याकडे महिनाअखेर कुणाला इतकं जमत नाही. आणि २००५ चा एक प्रयोग केंब्रिजचा: ज्या रोपांचं घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळतं ती जास्त हिरवी, जास्त वाढलेली. घड्याळ बिघडलेली किंवा न जुळणारी मागे.

सूर्यफुलाचं तर शेतात दिसतं. कोवळं झाड सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेला वळतं हे सगळ्यांना माहीत, पण रात्री, सूर्य नसताना, ते परत पूर्वेला तोंड करून पहाटेची वाट बघत उभं असतं. कॅलिफोर्नियात डेव्हिसला २०१६ मध्ये दाखवलं की दिवसा खोडाची पूर्व बाजू जास्त वाढते आणि रात्री पश्चिम. ते वळणं अडवलं तर झाडाची वाढ सुमारे दहा टक्क्यांनी घटली. पूर्ण उमललेलं फूल पूर्वेकडेच थांबतं, सकाळी लवकर तापतं, आणि पश्चिमेकडे तोंड फिरवलेल्या फुलांपेक्षा त्यावर पाचपट मधमाश्या आल्या.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, प्रयोगशाळेचं ठीक आहे, आमच्या पिशवीतल्या बियाण्याचं काय? तर मंडळी, घड्याळाशी खेळ त्या बियाण्यात आधीच झालेला आहे, तोही टॉक-१ सापडायच्या कितीतरी आधी.

१९४०च्या दशकात नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत गव्हावर तांबेरा-प्रतिकारक वाण काढत होते. वेळ वाचवण्यासाठी वर्षाला दोन पिढ्या घ्यायच्या ठरवल्या: हिवाळ्यात उत्तरेला सोनोराच्या सखल भागात आणि उन्हाळ्यात दक्षिणेला तोलुकाच्या उंच पठारावर. दोन्ही जागांत अक्षांशाचा जवळजवळ दहा अंशांचा फरक, दिवसाची लांबी वेगळी, उंची वेगळी. वरिष्ठांचा विरोध होता, कारण बी जिथे पिकवायचं तिथेच निवडायचं ही त्या काळची शिकवण. पण दोन्हीकडे टिकलेल्या गव्हात एक गुण आपोआप निवडला गेला: दिवसाची लांबी न बघता फुलणं. हाच गुण आणि बुटकेपणा घेऊन लर्मा रोहो ६४ आणि सोनोरा ६४ भारतात आले. १९६६ मध्ये आपण मेक्सिकोतून १८,००० टन बी मागवलं. कल्याणसोना, सोनालिका त्याच घराण्यातल्या.

हा गुण कुठून आला ते २००७ मध्ये जनुकाच्या पातळीवर दिसलं. गव्हातल्या पीपीडी-डी१ या जनुकात, आणि ते टॉक-१ च्या त्या पीआरआर भावंडांपैकीच. जनुक स्वतः शाबूत आहे. त्याच्या अलीकडचा सुमारे दोन हजार अक्षरांचा तुकडा मात्र गळालेला, आणि त्यामुळे ते ठरल्या वेळी चालू-बंद व्हायचं सोडून भलत्याच वेळीही चालू राहतं. तासाची शिस्त मोडलेलं एक जनुक, आणि त्यामुळे गहू मेक्सिकोत, पंजाबात, आपल्याकडे, कुठेही वेळेवर ओंबीत येतो. बोरलॉगना हे माहीत असायचं कारणच नव्हतं. त्यांनी ओंब्या बघितल्या.

सोयाबीनची तऱ्हा अशीच. उत्तरेकडचे वाण विषुववृत्ताकडे नेले की लहान दिवसामुळे गुडघ्याएवढे असतानाच फुलतात आणि उतार पडत नाही. ब्राझीलच्या उष्ण भागात ते चाललं ते उशिरा फुलणाऱ्या एका गुणामुळे. २०१७ मध्ये त्या गुणाचं जनुक सापडलं, आणि ते निघालं रात्रपाळीवालं ईएलएफ-३. टोमॅटोत तर माणसाने निवड करता करता घड्याळच सावकाश केलंय. रानटी टोमॅटोपेक्षा लागवडीच्या टोमॅटोचं घड्याळ हळू चालतं, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं.

आता परत माझ्या पट्ट्याकडे. सोयाबीनमध्ये ई-१ नावाचं जनुक फुलाला ब्रेक लावून ठेवतं. दिवस मोठे असताना ब्रेक लागलेला, श्रावण-भाद्रपदात रात्र वाढली की सुटतो. पानातले उजेड ओळखणारे रेणू आणि घड्याळ मिळून हा ब्रेक सांभाळतात. रात्रीच्या ज्या प्रहरात घड्याळ अंधाराची अपेक्षा करतं, नेमका तेव्हा माझा फोकस चालू. झाडाच्या हिशोबी अजून आषाढातलाच मोठा दिवस, मग पिकायची घाई कशाला? हॅम्बुर्गला मिनिटभराच्या मंद लाल दिव्याने घेवड्याचं घड्याळ फिरलं, इथे तर पन्नास वॅटचा एलईडी रात्रभर.

फवारणीवाल्यांसाठी एक जाता जाता. २०१९ मध्ये ब्रिटनच्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिसवर दाखवलं की ग्लायफोसेटचा परिणाम दिवसाच्या कुठल्या वेळी मारलं यावर बदलतो, आणि त्यात रोपाच्या घड्याळाचा हात आहे. ते प्रयोगशाळेतलं रोप होतं, त्यावरून कुणी आपल्या तणनाशकाची वेळ लगेच बदलू नये. पण फवारणीच्या नोंदीत तारखेसोबत वाजलेले किती हेही लिहायला मी सुरुवात केलीय.

यंदा फोकसला सेन्सर बसवलाय आणि तोंड गोठ्याच्या दाराकडे फिरवलंय. बांधाकडच्या त्याच दहा ओळींत दिव्यापासून पाच-पाच पावलांवर काठ्या रोवल्यात. पहिलं फूल कोणत्या काठीपाशी कोणत्या तारखेला आलं ते वहीत येईल. तुमच्याकडे रस्त्याच्या दिव्याखाली किंवा हायमास्टजवळ सोयाबीन, तूर असेल तर वाण, पेरणीची तारीख आणि दिव्यापासूनचं अंतर तेवढं कळवा. फोटो असेल तर दिवसाचा आणि रात्रीचा, दोन्ही टाका.